मालक घरात न्हाईत

आमच्या दारात वडिलांचं नाव मोठ्यानं घेणारा एकच माणूस उरला होता, गॅसवाला. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी लावून तो खांद्यावर टाकी घेऊन यायचा आणि चार घरं अलीकडूनच हाळी द्यायचा. वडिलांचं नाव, मग आजोबांचं, मग आडनाव, शाळेच्या हजेरीत घेतात तसं सगळं. शेवटी 'टाकी' म्हणायचा. सिलिंडर हा शब्द आमच्या गल्लीत फक्त मोबाइलवरच्या मेसेजमध्ये असतो.

वडील जाऊन तीन वर्षं होत आली होती. गॅसवाल्याला ते माहीत नव्हतं. तो नवा होता, उचगावचा, आणि त्याच्या कागदावर नाव होतं म्हणजे त्याच्या लेखी माणूस होता. मी दिवसभर शाळेत, त्यामुळे मलाही हे सगळं उशिराच कळलं. दिवाळीच्या सुट्टीत एकदा घरी होते, तर सकाळपासून आईची गडबड. केस विंचरून झाले, धुतलेलं पातळ नेसून झालं, आणि मग ती उन्हात पायरीवर जाऊन बसली. कुणी यायचंय का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आज टाकी हाय." थोड्या वेळानं हाळी आली. आई त्याला समोर दिसत होती, तरी ती जागची हलली नाही. त्यानं दुसऱ्यांदा सगळं नाव घेतलं, तेव्हा उठली. मी आत चहा गाळत होते. काय चाललंय ते लक्षात आलं आणि चहा कपाबाहेर सांडला.

आईनं वडिलांचं नाव कधी घेतलं नाही. तिच्या आईनं लग्नात कानात सांगितलं होतं, नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं की त्याचं आयुष्य तेवढं कमी होतं. उखाण्यातलं चालतं. म्हणून आईचा एक उखाणा होता, जन्मभर तोच पुरवला: पन्हाळ्याच्या वाटेवर करवंदांची जाळी, अमुकरावांचं नाव घेते संक्रांतीच्या वेळी. नाव मीही इथं लिहीत नाही, तिचा मान म्हणून. एरवी तिच्यासाठी ते 'मालक'. मालक जेवलेत, मालकांना खोकला झालाय. शेवटच्या आजारात दवाखान्यात नर्सनं पेशंटचं नाव विचारलं की आई मला शोधत व्हरांड्यात यायची. नर्सला वाटायचं, म्हातारीला नवऱ्याचं नावच आठवत नाही. ते गेल्यावर हळदीकुंकू बंद झालं, त्याबरोबर उखाणाही गेला. तेव्हापासून ते नाव आईच्या तोंडात कुठल्याच वाटेनं येत नव्हतं. कानावर पडायचं ते एवढंच, टाकीच्या दिवशी.

बाकी सगळीकडून नाव काढून झालं होतं. रेशन कार्ड, लाईट बिल, बँक, घरफाळा. दर वेळी आई मुकाट्यानं सही करत गेली. गॅसचं मात्र राहिलं. मी विषय काढला की ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे की. मोबाइलवर लागतोय न्हवं नंबर?" लागत होता. मलाही बरंच होतं, एक खेटा वाचला.

या गॅसचं आमच्या घरात मोठं प्रस्थ होतं. वडील उद्यमनगरात लेथवर कामाला होते. त्या काळी गॅससाठी नंबर लावावा लागे आणि मग वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. आमचा नंबर लागला तेव्हा मी तिसरी-चौथीत असेन. वडिलांनी टाकी सायकलच्या कॅरियरला बांधून आणली, तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आईनं भीतीपोटी पुढं आठवडाभर रॉकेलचा स्टोही शेजारी तयार ठेवला होता. संध्याकाळी शेजारपाजारचे बघायला आले, तेव्हा वडील त्यांना सांगत होते, "दिल्लीत नाव नोंदलंय आपलं. तेल मंत्रालयात. पार तिथनं मंजूर झालंय." कागद खरं तर कोल्हापुरातल्या एजन्सीनंच दिला होता, पण त्यांनी ते इतक्या खात्रीनं सांगितलं की घरात ते खरंच ठरलं. पुढं कधी टाकीला उशीर झाला तर म्हणायचे, "दिल्लीत आपलं नाव हाय, येत्याय." आयुष्यभर दुसऱ्याच्या मशीनवर काम केलेला माणूस. ना कुठं पाटी लागली, ना कुठं सत्कार झाला. दिल्लीत नाव आहे, एवढीच त्यांची मिजास होती, आणि आईनं ती खरी मानली.

मी नववीला भूगोल शिकवते. खनिज तेल कुठं सापडतं, आखातातून जहाजं कुठल्या चिंचोळ्या वाटेनं येतात, मुंबईच्या समुद्रात विहिरी कुठं आहेत, हे सगळं फळ्यावर काढून दाखवते. एवढा मोठा कारभार सांभाळणारं मंत्रालय, आणि त्यात आमच्या आईचं एवढंसं काम अडलं होतं.

ते असं अडलं. गॅसवाला एके दिवशी टाकी ठेवून म्हणाला, "मावशी, अंगठा ऱ्हायलाय. केवायसी. वरनं आलंय, मंत्रालयाकडनं. ज्याच्या नावावर टाकी हाय, त्याचाच अंगठा पायजे. बोलवा की मालकास्नी."

आई म्हणाली, "मालक घरात न्हाईत."

त्यात खोटं काहीच नव्हतं. तो म्हणाला, पुढच्या खेपेला मशीन घेऊन येतो. पुढच्या खेपेला आला. आईनं तेच सांगितलं. तिसऱ्या खेपेला मी घरात होते. रविवार होता.

"मावशी, मालक कायम भायेरच की वो. कवा असत्यात तरी?"

आईनं रिकामी टाकी पुढं सरकवली.

"सकाळी लवकर येऊ? का सांच्याला?"

आई उंबऱ्यावर उभी होती आणि तिच्या हाताची बोटं पदराच्या टोकाला पीळ घालत होती. मला वाटलं होतं की ती आता सांगेल. ती म्हणाली, "तुम्ही येत ऱ्हावा. एखांद्या बारीला गाठ पडंल."

मला राग चटकन येतो. शाळेत माझा आवाज तीन वर्गांपलीकडं जातो असं पोरं म्हणतात. पण त्या दिवशी राग काढायचा कुणावर? मी बाहेर गेले आणि हळूच सांगितलं की वडील तीन वर्षांपूर्वी वारले. गॅसवाल्याचा चेहरा पडला. त्यानं डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. "मावशी, मला ठावंच न्हाय. मी आपला दर खेपंला बोंबलतोय त्यांच्या नावानं. चुकलं." आई माझ्याकडं बघत होती. तिनं मला कधी शिव्या दिल्या नाहीत, पण तेव्हा दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्या खेपेला तो दाराशी येऊन हळूच म्हणाला, "मावशी, टाकी." आई विंचरलेल्या केसांनी पायरीवर बसली होती.

त्याच दिवशी त्यानं निरोपही आणला. नाव बदलून घ्या, नाहीतर पुढचं बुकिंग अडकेल. आई म्हणाली, "नाव ऱ्हाऊ दे आणि माझा अंगठा घ्या म्हणावं." मी तिला समजावलं की असं होत नसतं. ती म्हणाली, "तू इचारलंस व्हय? दिल्लीत त्यांचं नाव हाय. दिल्लीवाल्यास्नी इचारल्याबिगर कोण काढंल?"

आणि मग मी शाळेत असताना तिनं स्वतःच हेल्पलाइनला फोन केला. शेजारच्या सुनेनं नंबर जुळवून दिला. काय बोलणं झालं ते पुढं दोन दिवसांनी मेसेज आला तेव्हा समजलं. मेसेजचा अर्थ असा: आपण भाडेकरू असून गॅस जोडणी घरमालकांच्या नावे आहे, तरी घरमालकांचं संमतीपत्र घेऊन एजन्सीत यावं.

मी आईला विचारलं, फोनवर काय सांगितलंस? ती म्हणाली, "काय सांगणार? टाकी मालकांच्या नावावर हाय म्हनलं. ते म्हनले, मालक कुठं ऱ्हात्यात? म्हनलं, आदी हितंच ऱ्हायचं, आता न्हाईत. ते म्हनले, मालकांशी काय भांडण हाय का? म्हनलं, न्हाय बाबा, कधीच न्हवतं."

मला हसू फुटलं. हसता हसताच मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. फोनवरच्या मुलाचं काय चुकलं? तो कुठल्या शहरात बसला होता कोण जाणे. त्याला 'मालक' शब्दाचा तोच अर्थ माहीत होता, आणि आईला तिचाच.

शेवटी मी मंत्रालयाला लिहिलं. तक्रारीची एक वेबसाइट असते, तिथं. मी स्वतःला शहाणी समजते, तरी ती विनंती लिहिताना माझी मलाच लाज वाटत होती. आई शेजारी बसून होती. लिहिलं, की माझे वडील हयात नाहीत हे मान्य आहे. जोडणी आईच्या नावे करायलाही हरकत नाही. पण नोंदीत कुठंतरी, मूळ ग्राहक म्हणून, त्यांचं नाव राहू द्यावं, एवढीच तिची इच्छा आहे. आईनं विचारलं, "दिल्लीलाच जातंय न्हवं?" मी म्हटलं, दिल्लीलाच.

ते दिल्लीला गेलंही. दिल्लीहून कंपनीकडं आलं, कंपनीच्या मोठ्या ऑफिसातून छोट्या ऑफिसात, आणि तिथून आमच्याच एजन्सीच्या टेबलावर. आपल्या नळाचं पाणी गावभर फिरून पुन्हा आपल्याच बादलीत पडावं तसं. एजन्सीत काउंटरला बसतो तो माझाच जुना विद्यार्थी. भूगोलात काठावर पास होता. त्यानं फोन केला. "बाई, तुमची तक्रार आलीया माझ्याकडं. उत्तर द्यायला पायजे. काय लिहू?"

मी म्हटलं, मला कसं माहीत, तक्रार माझी आहे.

"न्हाय बाई, ते बरोबर हाय. पण नियम तुम्हालाबी ठावा हाय. गेलेल्या माणसाच्या नावानं टाकी कशी ऱ्हाईल? आणि मूळ ग्राहक असा रकानाच न्हाय ओ कंप्युटरात. असता तर मी आत्ता भरला असता. तुम्ही सांगा तसं लिहितो."

आणि मग आम्ही दोघांनी मिळून माझ्या तक्रारीचं उत्तर तयार केलं. मी इकडून फोनवर वाक्यं सांगत होते, तो लिहून घेत होता. 'ग्राहकाच्या कुटुंबीयांच्या भावनांचा आदर आहे' हे वाक्य माझं. 'तथापि' हा शब्दही माझाच. शुद्धलेखनसुद्धा मी तपासलं. संध्याकाळी मला मेसेज आला की तुमच्या तक्रारीचं निवारण झालं आहे, समाधानी आहात का, किती तारे द्याल. मी फोन पालथा ठेवला आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. चिडायला कुणी दिलंच नाही मला. प्रत्येक जण बरोबर होता आणि प्रत्येक जण गोड बोलत होता. नियमही बरोबर होता, मी मंत्री असते तरी हाच केला असता.

आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दिल्लीवाल्यांनी वाचलं तरी का?" मी हो म्हटलं.

मग आम्ही एजन्सीत गेलो. मृत्यूचा दाखला, आधार, सगळं माझ्या पिशवीत. रांग होती, डोक्यावर पंखा घरघरत होता, बाहेर टेम्पोत टाक्या आपटत होत्या. विद्यार्थ्यानं उठून आईला खुर्ची दिली. सगळे कागद नीट लावले. मग तो जरा अवघडला. म्हणाला, "आजी, हितं अगोदरची नोंद पडलीया, घरमालकाची. ती पुसायची तर तुम्हीच सांगायला पायजे, टाकी कुणाच्या नावावर हुती आणि ते तुमचं कोण. मी ऐकून टाइप करतो. बाईंचं चालत न्हाय, अर्जदार तुम्ही."

मी तरी पुढं वाकले आणि नाव सांगायला तोंड उघडलं. आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

तिनं घेतलं ते नाव. उखाणा नाही, राव नाही. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, आडनाव. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, पण ते नाव त्या आवाजात मी पहिल्यांदा ऐकत होते. मग म्हणाली, "माझा नवरा."

पंख्याच्या आणि टाक्यांच्या आवाजात विद्यार्थ्याला ऐकू गेलं नाही. बिचाऱ्यानं कान पुढं केला. "जरा मोठ्यानं सांगा, आजी."

मला त्या क्षणी काउंटर उलथून टाकावंसं वाटलं. काही केलं नाही. आईनं खुर्चीत सरळ बसून पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. इतक्या मोठ्यानं की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. त्यानं एकेक अक्षर दाबलं. मग मशीन पुढं केलं, आईनं अंगठा ठेवला, आणि पहिल्याच दाबाला हिरवा दिवा लागला. झालं. वडिलांचा नंबर लागायला वर्षं गेली होती, आणि नाव निघायला एका अंगठ्याएवढाच वेळ लागला.

आईचा चेहरा बघून विद्यार्थी म्हणाला, "आजी, काळजी करू नका. तुमच्या नावात त्यांचं नाव हायच की मधी. ते दिल्लीला जाणारच."

हे आईला पटलं. येताना आम्ही रिक्षा केली. रंकाळ्याच्या वळणावर ती म्हणाली, "दवाखान्यातबी घेतलं न्हवतं मी. शेवटच्या दिवशी त्या पोरीनं इचारलं तरी न्हाय घेतलं. म्हनलं, आपल्यामुळं नको." मग थोड्या वेळानं, "आता काय कमी व्हायचंय." मी तिचा हात धरला. दुसरं काय करणार होते?

महिन्याभरानं टाकीचा दिवस आला. शनिवार, माझी शाळा सकाळची, मी घरी परतले होते. आईनं केस विंचरले नव्हते. ती आत माजघरात लसूण सोलत बसली होती. बाहेरून हाळी आली, आता पूर्वीसारखी मोठ्यानं, कारण गॅसवाल्याच्या कागदावर आता जिवंत माणसाचं नाव होतं. आईचं नाव. फक्त पहिलं नाव आणि आडनाव. लग्नानंतर ते नाव कुणी घेतलेलं मला माहीत नाही. वडील 'अगं' म्हणायचे, गल्ली मावशी म्हणते, मी आई म्हणते.

त्यानं पुन्हा हाळी दिली. आई लसूण सोलतच राहिली. म्हणाली, "कुणाची टाकी आलीया बघ की. कवाधरनं वरडतोय."

मी जाऊन टाकी घेतली, रिकामी दिली. फोन वाजला, मेसेज आला होता. आईनं आतून विचारलं, "दिल्लीचा हाय?"

"हो."

"वाच की. नाव वाच. सगळं वाच."

मी चष्मा लावला. इंग्रजीत आईचं नाव होतं, शेवटी आडनाव होतं, आणि मधे, जिथं वडील असायला हवे होते, तिथं एकच अक्षर होतं आणि त्यापुढं टिंब.

आई लसणाची पाकळी हातात धरून थांबली होती. मी तिचं नाव वाचलं. मग वडिलांचं नाव वाचलं, पूर्ण, सावकाश, जणू काही ते समोर लिहिलेलंच आहे. मग आडनाव.

"हां," आई म्हणाली, आणि पुढची पाकळी घेतली.